गॅलनला किती?

कुणाकडे वाहन दिसलं की भाई पहिला प्रश्न विचारत, "गॅलनला किती?"

नमस्कार नंतर. ओळख त्याहून नंतर. नाक्यावरचा टॅक्सीवाला असो, कंपनीत आलेले गिरणीचे मॅनेजर असोत, नाहीतर भाईंचीच छाती तपासायला आलेला डॉक्टर असो. शर्टाची बटणं काढता काढता भाईंनी विचारलं होतं, "डॉक्टर, तुमची गॅलनला किती देते?" डॉक्टरांनी आकडा सांगितला आणि खोल श्वास घ्यायला लावला. भाईंनी श्वास घेतला, आणि सोडताना म्हणाले, "माझी सत्तर देते." ठाकुरद्वारला एका व्हिक्टोरियावाल्याला त्यांनी "पायलीभर हरभऱ्यात घोडा किती मैल जातो?" असं विचारलेलं तर मी स्वतः ऐकलं आहे. तो बिचारा घोड्याकडे बघत राहिला.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. डिलाईल रोडला, गिरण्यांच्या यंत्रांना लागणारे चामडी पट्टे पुरवणारी एक कंपनी होती; तिच्या हिशेब खात्यात मी कारकून, आणि भाई विक्रीचे मुख्य. खरं नाव वेगळं होतं, पण शिपायापासून मालकापर्यंत सगळे त्यांना भाईच म्हणत. पन्नाशीला आलेले, गोरेपान, अंगात खाकी कोट. मुंबईतल्या जुन्या प्रभू घराण्यातले. आजोबांच्या वेळी गिरगावातलं अख्खं घर त्यांचं होतं आणि तळमजल्यावर दोन घोडे होते. घराचे मजले हळूहळू भाडेकरूंकडे गेले. भाईंकडे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि खालचा तबेला तेवढा उरला. त्या तबेल्यात त्यांची फटफटी राहायची.

ही फटफटी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली. रोज सकाळी कंपनीच्या फाटकात उतरल्यावर भाई टाकीचं झाकण काढत, खिशातली लाकडी फूटपट्टी आत बुडवत, बाहेर काढून ओली खूण बघत आणि मग समाधानाने वर येत. कुणी मोटार घेतल्याचं कानावर आलं की त्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहत. "चार चाकं म्हणजे चार टायर, पाचवा स्टेपनी. ड्रायव्हर ठेवलास तर त्याचा पगार. आणि माणूस किती बसतो आत? एक! तोही पेपर वाचतो."

आता तुम्ही म्हणाल, काटकसरी माणूस असेल. आम्हीही तेच समजत होतो.

फटफटीला बाजूला डबा होता. साइडकार हा शब्द भाई वापरत, बाकी सगळे डबाच म्हणत. त्या डब्यात वहिनी बसायच्या. नऊवारी लुगडं, कानांत मोत्यांच्या कुड्या, मांडीवर कापडी पिशवी, आणि डोळ्यांवर फटफटीबरोबर लिलावातच मिळालेला लष्करी गॉगल! लग्नाला, बाजारात, नाटकाला, सगळीकडे अशा. गिरगावातली माणसं सरावली होती, पण दादर-परळकडे लोक थांबून बघत. वहिनी मान ताठ ठेवून बसत आणि बघणाऱ्यांना उलट बघत.

हे बघणं त्यांच्या धाकट्या भावाला मात्र सहन होत नसे. हे गृहस्थ सॉलिसिटर होते, राहायला हिंदू कॉलनीत. दारात छोटी इंग्लिश मोटार, पुढे टोपीवाला ड्रायव्हर. एका रविवारी ते भाईंकडे जेवायला आले, आणि नेमका मीही कोलंबीच्या भानोळ्याच्या आशेने तिथे होतो.

"भावोजी," ते म्हणाले, "मी नवी गाडी घेतोय. जुनी तुम्हाला देतो. पैसे सावकाश द्या, नका देऊ. पण ताईला त्या डब्यातून हिंडवू नका. परवा माझा एक पक्षकार म्हणाला, तुमची बहीण बाँबफेकीला निघाल्यासारखी दिसते."

वहिनी आतून म्हणाल्या, "कोण रे तो?"

"गाडी परवडायची नाही," भाई म्हणाले. "माझी सत्तर देते."

"डबा लावून?"

भाईंनी पाण्याचा पेला उचलला. "डबा लावून पन्नास."

"आणि बसता दोघं. माझ्या गाडीत पाच बसतात. माणशी काढा हिशेब, माणशी!"

हा मुद्दा भाईंना नवा होता. ते एकदम पेटले. जेवण संपायच्या आत पैज ठरली. एक महिना दोघांनी आपापल्या गाडीपायी जाणारा प्रत्येक पैसा लिहून ठेवायचा. फक्त पेट्रोल नाही. तेल, टायर, दुरुस्ती, सगळं; ड्रायव्हरचा पगार तेवढा सोडून, कारण भाईंना तो ठेवायचाच नव्हता. शेवटी मैलामागे माणशी खर्च काढायचा. मोटार महाग पडली तर मेहुण्यांनी हा विषय जन्मात काढायचा नाही. फटफटी महाग पडली तर भाईंनी ती विकायची आणि मोटार घ्यायची.

"पंच कोण?" मेहुण्यांनी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडातला घास गिळला.

तो महिना मी आयुष्यात विसरणार नाही. सॉलिसिटर शेवटी सॉलिसिटर. त्यांनी माणशी या शब्दाला घट्ट धरलं. त्यांची मोटार त्या महिन्यात एकदाही रिकामी धावली नाही. शेजारच्या दोन आजीबाई रोज देवळात मोटारीने जाऊ लागल्या. स्वयंपाकी मंडईत मोटारीने. सॉलिसिटर कोर्टात निघाले की मागे तीन कारकून गुडघ्यांवर फायली घेऊन चेंगरून बसलेले. ड्रायव्हर मला म्हणाला, "साहेब, ही गाडी नाही राहिली, वरात झाली."

इकडे भाईंना वाटत होतं, सरळ चाललं की झालं. आणि त्याच महिन्यात डब्याचा टायर फुटला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. अशाच एका हरताळाच्या सकाळी परळला राहणारी वहिनींची मावशी आजारी असल्याचा निरोप आला. ट्राम नाही, बस नाही. भाईंनी फटफटी काढली. वहिनी डब्यात, आणि मैल नोंदवायला मी भाईंच्या मागे. लालबागला पोचलो तर रस्त्यावर पोरांचा हा घोळका! दगड होते, पण हातात नव्हते. रस्त्यात ओळीने मांडलेले. भाईंनी ब्रेक दाबला.

"अण्णा, खंय चललात?" एक उंच पोरगा पुढे आला. "आज गाडी चालवूची नाय."

"माझी मावशी आजारी आहे रे," वहिनी गॉगल कपाळावर चढवत म्हणाल्या. "परळला जायचंय."

"ता खरा, पण आज इंजिन बंद. म्हणा, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

भाईंनी घोषणा दिली, कचेरीतल्या आवाजात. वहिनींनी मात्र डब्यात उभं राहून, मूठ वर करून अशी आरोळी दिली की वरच्या गॅलऱ्यांतून बायका डोकावल्या. पोरं खूश झाली. तो उंच पोरगा म्हणाला, "काकू, तुम्ही बसा. इंजिन लावूचा नाय, पण ढकलूक कोण नको म्हणता?"

आणि ढकललंच त्यांनी. वीसेक पोरं, मागून, बाजूने. वहिनी डब्यात, भाई हँडलवर, मी मागे. घोषणा चालूच. चाळींतून कुणी वहिनींच्या अंगावर झेंडूची फुलं टाकली. परळच्या नाक्यापर्यंत आमची अशी मिरवणूक निघाली. मावशीच्या दारात पोरांनी पाणी मागितलं, वहिनींनी पिशवीतले लाडू वाटले. आजारी मावशी खिडकीत उठून बसली होती.

जिना चढताना मी हळूच भाईंना म्हणालो, "भाई, दीड मैल फुकट झाले. मैल वाढले, पेट्रोल नाही. आपला आकडा सुधारेल."

भाई पायरीवर थांबले. "ते मैल कापून टाक."

"पण भाई, पैजेत कुठं म्हटलंय—"

"माझ्या इंजिनाने काढलेले नाहीत ते. पोरांनी काढलेत. काप."

मी कापले.

महिना संपला. शनिवारी दुपारी कंपनीत बसून मी दोन्ही बाजूंची बेरीज केली, भागाकार केला, पुन्हा केला. मोटार स्वस्त पडत होती. फार नाही, मैलामागे माणशी एक पै. ते दीड मैल धरले असते तरी फरक पुसला गेला नसता. टायरने घात केला होता, आणि त्या दोन आजीबाईंनी.

मला घरी जाववेना. तसाच गिरगावात गेलो. भाई बाहेर गेले होते. वहिनींनी चहा ठेवला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "हरलो ना आपण?"

मी मान हलवली.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "डबा लावल्यापासून ती स्वस्त राहिलेलीच नाही. घरखर्च मी चालवते, मला नाही कळणार?"

"मग भाईंना कधी सांगितलं नाहीत?"

त्या चहा गाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा या घरात बंद पडद्याची घोडागाडी होती. सासूबाईंबरोबर मी त्यात बसायची. मुंबई मला फक्त ऐकू यायची बघ. हे आधी एकटेच फिरायचे फटफटीवर. एकदा म्हणाले, तू मागे बसशील का? लुगड्यात कशी बसणार? तर दुसऱ्या महिन्यात हा डबा घेऊन आले. मला म्हणाले, पेट्रोल वाचतं, ट्रामच्या दोन तिकिटांचे पैसे वाचतात. मी म्हटलं, वाचतात तर वाचतात."

"उद्या मी काय सांगू?" मी विचारलं.

"जे आलंय ते सांग. खोटं सांगितलंस तर त्यांना आवडायचं नाही."

रविवारी जेवणं झाल्यावर मी कागद वाचला. शेवटचा आकडा ऐकून मेहुण्यांनी टेबलावर थाप मारली. भाईंनी माझ्याकडून कागद घेतला, चष्मा लावला, वरून खाली सगळे आकडे बोट फिरवत तपासले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक नाही." त्यांनी खिशात हात घालून तबेल्याच्या कुलपाची किल्ली काढली आणि मेहुण्यांपुढे ठेवली. "शब्द म्हणजे शब्द. गिऱ्हाईक तुम्हीच बघा. मला नाही जमणार ते."

मेहुण्यांचा हात पुढे झाला नाही. जिंकल्यावर काय करायचं हे त्यांनी ठरवलेलं नसावं.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी किल्ली उचलून कमरेला खोचली.

"ताई, अगं पैज—"

"पैज तुम्ही लावलीत. मला विचारलं होतंत?" त्या भावाला म्हणाल्या. "आणि डबा माझा आहे. माझ्या पाटल्या मोडून घेतलाय. विचार यांना."

भाई छताकडे बघू लागले. ही गोष्ट त्यांनी कुठल्याच हिशेबात कधी धरली नव्हती.

"मोटारीत मागे बसलं की मला तुझ्या ड्रायव्हरची मान दिसते," वहिनी म्हणाल्या. "ती बघायला मी एक पैसुद्धा देणार नाही. पै जास्त पडते ना यात? पडू दे. ती मी देईन."

आधी मेहुणे हसले. मग भाई. भाईंचं हसणं असं होतं की आधी खांदे हलायचे आणि आवाज बऱ्याच वेळाने यायचा. तो आला तेव्हा डोळ्यांतून पाणीही आलं, आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला तो पुष्कळ वेळ पुसत राहिले.

त्या संध्याकाळी वहिनींच्या हुकुमावरून सॉलिसिटरांना डब्यात बसावं लागलं. चौपाटीपर्यंत जाऊन यायला दहा मिनिटं पुरे. पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. आले तेव्हा टाय खांद्यावरून पाठीवर गेलेला, केस उभे, आणि चेहरा शाळेतून पळून आलेल्या मुलासारखा. "वाळकेश्वरला वर चढवली यांनी!" ते जिन्यातूनच ओरडले. "ताई, तुझा गॉगल दे, डोळ्यांत वारा फार लागतो. पुन्हा जातोय आम्ही."

महाराष्ट्र झाला त्या वर्षी भाई निवृत्त झाले. दोघं फटफटीवरून महाबळेश्वरला जाऊन आले. तिथून मला आलेल्या पत्रात निसर्गाबद्दल एक ओळ होती आणि घाटातल्या पेट्रोलबद्दल अकरा. पुढे दोनएक वर्षांनी, एका दुपारी जेवून आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता ते गेले. पेपर हातातच होता. गिरगावातल्या त्या घरासमोर त्या दिवशी कितीतरी टॅक्सीवाले येऊन उभे राहिले, टोप्या काढून.

वहिनींनी फटफटी तबेल्यात ठेवली नाही. "गंजून जाईल," म्हणाल्या. वरळी कोळीवाड्यातलं एक जोडपं बघायला आलं. नवऱ्याने इंजिन तपासलं. बायको सरळ डब्यात जाऊन बसली, मागे टेकली, पाय पसरले, आणि उठायलाच तयार नाही. वहिनी बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या. किमतीची घासाघीस न करता त्यांनी किल्ली तिच्याच हातात दिली.

त्यानंतर काही महिन्यांनी मी प्रभादेवीजवळ रस्ता ओलांडायला उभा होतो. ओळखीचा आवाज आला म्हणून वळलो. फटफटी येत होती. डबा निळा रंगवलेला, पुढे मासोळीचं चित्र. आत हिरव्या लुगड्यातली कोळीण, केसांत अबोलीचा गजरा, मांडीवर बर्फाने भरलेली पाटी, आणि पाटीतून बाहेर आलेली सुरमईची शेपटी. पुढे एक भलीमोठी मोटार आडवी आली तशी ती डब्यात अर्धवट उभी राहिली आणि मोटारवाल्याला म्हणाली, "ए शेट, बाजूला घे ना! ताजा माल चाललाय!"

मोटार बाजूला झाली. मी हात केला. ती मला ओळखत नव्हती, तरी तिने हसून हात केला, आणि बर्फाचं पाणी रस्त्यावर सांडत दोघं दादरच्या बाजाराकडे निघून गेली.