भिसेकाकूंना कळलं का?

सुलभाताई कागद वाचायला बसल्या की आधी पानावर स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवायच्या आणि मग दुसरीच बाई व्हायच्या. पट्टी एकेक ओळ खाली सरकायची आणि त्यांच्या तोंडून नाकातला, लाडीगोडीचा आवाज निघायचा. "अगंबाई, मार्चमधला वाढदिवस! दाराला नवा रॅम्प! आई शाळेच्या किचनमध्ये! कळलं हो मला, कोण ते." मग पट्टी थांबायची, तो आवाज गायब व्हायचा आणि सुलभाताई आपल्या नेहमीच्या कोरड्या सुरात पुटपुटायच्या, "रॅम्प काढायचा. किचन काढायचं. महिना काढायचा, नुसतं वय ठेवायचं." त्या नाकातल्या आवाजाच्या बाईचं नाव भिसेकाकू. तिला ऑफिसात कुणी पाहिलं नव्हतं, पण तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय तिथला एकही कागद कोर्टात जात नसे.

ऑफिस लंडनजवळच्या स्लाऊमध्ये, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर. अपघातात जबर जखमी झालेल्या लोकांच्या केसेस लढणारी वकीलबाई आणि तिच्या हाताखाली बावीस वर्षं कागद तयार करणाऱ्या सुलभाताई. मी तिथे पहिल्यांदा गेले ती एका मुलीला घेऊन. तिचं नाव सांगणार नाही, खोटं नावही देणार नाही. ती मुलगी, एवढंच.

तिची गोष्ट थोडक्यात अशी. लहानपणी अपघातात ज्याचं आयुष्य बदलून जातं, त्याची भरपाई कधीकधी कोर्ट एकदम न देता दरवर्षी, जन्मभर द्यायला लावतं. ते मूल मोठं झालं की एखादी कंपनी येते आणि गोड बोलते: पुढचे हप्ते आमच्या नावावर कर, आम्ही आत्ताच मोठी रक्कम देतो. इथे हे फारसं होत नाही, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय तर होतच नाही. त्या मुलीला जिना नसलेलं घर घ्यायचं होतं, म्हणून तिला परवानगी मागायची होती. पण परवानगी मागायची म्हणजे सगळं आयुष्य कागदावर मांडायचं. पत्ता, डॉक्टरांचे रिपोर्ट, घरात कोण कोण, पैसे किती आणि कधी येतात. न्यायाधीशांनी मनाई केली नाही, तर त्यातलं बरंच काही चारचौघांत जाऊ शकतं. मग दुसऱ्या कंपन्या दारात, दूरचे मामा फोनवर. तिला फक्त एकाच गोष्टीची भीती होती. "मला कोणी ओळखला नाही पाहिजे," ती तिच्या इथे वाढलेल्या मराठीत म्हणायची. "बाकी काही पण चालेल."

मी त्या वेळी अशा कंपन्यांविरुद्ध पत्रकं काढत होते. अजूनही काढते. दोन वर्षं मी बर्कशरभर दारं ठोठावली होती आणि लोकांनी ती माझ्या तोंडावर लावली होती. ही मुलगी मला सापडली, मी तिला शोधलं, मी तिला त्या ऑफिसात नेलं. आणि पहिल्या अर्ध्या तासात तिने सुलभाताईंना जे सांगितलं, ते मला चार महिन्यांत सांगितलं नव्हतं. सुलभाताईंनी विचारलंही नव्हतं काही. "बिस्किट घे. चहात बुडवलं तरी चालेल, इथे कुणी इंग्रज नाहीये," एवढंच म्हणाल्या. मुलगी रडली. मी तिथे बसून बिस्किटाकडे बघत होते. मला त्या बाईचा हेवा वाटला, आणि तो साधासुधा नव्हे. तो नंतर कधी पुरता गेला नाही, आणि तो गेला असं खोटं लिहायला मी हे लिहीत नाहीये.

मला पाहिलं की त्या म्हणायच्या, "या, पुढारी." मग मीही सोडायची नाही. "ताई, तुम्ही नुसतं खोडता. खोडून कुठे अन्याय दूर होतो? अन्याय दाखवावा लागतो."

"दाखव की. अन्याय दाखव. पोरीला कशाला दाखवतेस?"

त्यांच्याकडे अशी वाक्यं तयार असायची. "नाव खोडलं म्हणजे माणूस झाकला जात नाही." "पैसे कोणत्या तारखेला येतात हे कळलं, की लोक त्याच तारखेला चहाला येतात." मी पत्रकासाठी आठ-आठ दिवस घासून एक वाक्य काढायची आणि ह्या बाई स्टेपलरची पिन भरताना त्याहून बरं बोलून जायच्या. याचाही मला राग यायचा.

कोर्टाच्या कागदात नावाऐवजी तीन अक्षरं घालतात. वकीलबाईंनी एकदा त्या मुलीच्या नावाची खरीच अक्षरं घातली, कारण इंग्रज माणसाला त्यात काही दिसत नाही. सुलभाताई उसळल्या. "मॅडम, आमच्यात मधलं अक्षर वडलांचं असतं. स्वतःचं, वडलांचं आणि आडनावाचं, तिन्ही दिली म्हणजे पत्रिकाच दिली की हो हातात!" मग त्या खिडकीशी गेल्या, खाली पार्क केलेल्या फुलवाल्याच्या व्हॅनकडे पाहिलं आणि नंबरप्लेटवरची शेवटची तीन अक्षरं लिहून घेतली. दर केसला त्या असंच करायच्या. "जो उभा असेल तो," त्या म्हणायच्या. "मी निवडायला गेले तर मला काहीतरी सुचेल, आणि मला सुचलं ते दुसऱ्यालाही सुचेल."

आता माझ्या पत्रकाबद्दल.

जानेवारीत, कोर्टाच्या तारखेच्या आठ दिवस आधी, शेजारच्या मेडनहेडला मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. मी दीडशे पत्रकं छापून नेली आणि सकाळीच प्रत्येक खुर्चीवर एक ठेवलं. त्यात त्या मुलीची गोष्ट होती. नाव नव्हतं, गाव नव्हतं, अपघाताचं साल नव्हतं. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. जे होतं ते इथे पुन्हा देणार नाही, त्याच जातीचं दुसरं काहीतरी देते. समजा, मी लिहिलं होतं, 'मंडळाच्या लेझमीत पहिल्या ओळीत नाचणारी, आणि अपघातानंतर डाव्या हाताने अक्षर गिरवायला शिकलेली.' अशी ओळ वाचून इंग्रजाला काय कळणार? पण ते पत्रक मी इंग्रजांना वाटलंच नव्हतं. ज्या लोकांनी ती लेझीम पाहिली होती, त्यांच्याच खुर्चीवर ठेवलं होतं.

हळदीकुंकवाच्या टेबलाशी एक काकू पत्रक डोळ्यांजवळ धरून उभ्या होत्या. "अगं, ही तर आपल्या..." त्यांनी सुरुवात केली. सुलभाताई शेजारीच तिळगूळ देत होत्या. त्यांनी डबा खाली ठेवला, काकूंच्या हातातलं पत्रक बघितलं. मी पाच फुटांवर होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"नाही हो," त्या काकूंना म्हणाल्या, "ही कॉव्हेंट्रीची. मी तिच्या घरच्यांना ओळखते."

"हो का? अगदी आपल्या त्यांच्यासारखीच वाटली."

"असतात सारख्या. तिळगूळ घ्या."

मी म्हटलं, "ताई, मी माइकवरून सांगते, पत्रकं परत करा म्हणून."

"गप्प बस. परत मागितलेला कागद माणूस दोनदा वाचतो." मग त्या हॉलच्या मध्यभागी गेल्या आणि टाळी वाजवून मोठ्याने म्हणाल्या, "जेवायला बसताना खुर्चीवरचा कागद ताटाखाली घ्या हं सगळ्यांनी! टेबलाला तूप लागलं तर हॉलवाले डिपॉझिट कापतात!"

डिपॉझिट हा शब्द ऐकून अख्खं मंडळ शिस्तीत आलं. डॉक्टर, इंजिनिअर, बँकवाले, सगळ्यांनी माझं पत्रक कागदी ताटाखाली नीट सरळ करून ठेवलं. त्यावर गुळाच्या पोळ्यांचं तूप ओघळलं, आमटी सांडली. जेवणं झाली तशा सुलभाताई काळ्या पिशव्या घेऊन फिरल्या आणि ताटांसकट सगळं गोळा करत गेल्या. मी मागून ताटाखालचे कागद सोडवत मोजत होते. माझा दोन वर्षांचा राग, आमटीत भिजलेला. "वाचत बसू नकोस," त्या म्हणाल्या, "भर."

एकशे सेहेचाळीस भरले. दोन बायकांच्या कोटांच्या खिशात निघाले, ते सुलभाताईंनी कसे काढून घेतले मला माहीत नाही. एक माझ्याच बॅगेत होतं, आठवण म्हणून ठेवलेलं. एक आजपर्यंत मिळालेलं नाही.

पार्किंगमध्ये आम्ही त्यांच्या छोट्या गाडीत बसलो. मी ओरडा खायची वाट पाहत होते. त्या म्हणाल्या, "माझं माहेरचं आडनाव भिसे."

माझ्या पटकन लक्षात आलं नाही.

"आम्ही आधी कॉव्हेंट्रीला होतो. पेपरात एका मुलाच्या केसची बातमी आली. नाव नव्हतं. पण मी ओळखलं. मला इतकं वाईट वाटलं गं, मी मंडळात सांगितलं. म्हटलं, त्यांना डबे देऊ, कुणीतरी सोबतीला जाऊ. चांगल्या मनाने. महिन्याभरात त्यांच्या दारात रांग. कुणी डबा घेऊन, कुणी धंद्यासाठी उसने मागायला, कुणी मुलगा बघायला. एक दिवस ते घर रिकामं दिसलं. पत्ता कुणालाच देऊन गेले नाहीत." त्यांनी काच पुसली. "भिसेकाकू वाईट नाही. तिला राहवत नाही, एवढंच."

"आणि आज तुम्ही खोटं बोललात," मी म्हटलं. मी असलं काहीतरी बोलतेच.

"कोर्टात कधी बोलले नाही. मंडळात बोलले. उद्या वकीलबाईंना सगळं तू सांगायचंस."

सांगितलं. वकीलबाईंनी ते कोर्टासाठीच्या निवेदनात घातलं, कारण न्यायाधीशांपासून लपवता येत नाही. सुलभाताईंनी मला तो मसुदा आणि फूटपट्टी दिली. 'स्थानिक मोहिमेसाठी पत्रके काढणाऱ्या एका तरुण मराठी महिलेने' असं काहीतरी तिथे होतं.

"ताई, यात तर मी लगेच ओळखू येते!"

"येतेस ना?" त्या म्हणाल्या. "कसं वाटतं?"

त्यांनी पेन घेतलं आणि सगळं खोडून 'एका व्यक्तीने' एवढंच ठेवलं. मग म्हणाल्या, "वकीलबाई त्या मुलीला पत्रकाचं सांगणार आहेत, सांगावंच लागतं. कोणी काढलं ते मात्र तिला तू सांग. ते मी नाही सांगणार, ती माझी गोष्ट नव्हे."

कोर्टात त्या मुलीने सुलभाताईंना शेजारी बसवलं. मला नाही. मी मागच्या बाकावर बसून दोघींच्या पाठी बघत होते. मुलीने त्यांच्या कार्डिगनची बाही मुठीत धरली होती. दारावरच्या यादीत फुलवाल्याच्या व्हॅनची तीन अक्षरं होती. न्यायाधीशांनी ते निवेदन वाचलं, पत्रकाबद्दल दोन प्रश्न विचारले. मग त्यांनी हुकूम दिला: नाव, पत्ता, ओळख पटेल असं काहीही कुणी छापायचं नाही, आणि परवानगीशिवाय फाइल कुणाला दाखवायची नाही. मुलीचे खांदे खाली आले. हप्त्यांचं पुढे काय झालं, घर मिळालं की नाही, ते मला माहीत आहे. तुम्हाला सांगणार नाही.

बाहेर पाण्याच्या मशीनपाशी मी तिला गाठलं. "ते पत्रक मी काढलं होतं."

"माहीत होता मला," ती म्हणाली. "वकील मॅमनी दाखवली ना कॉपी. लास्ट लाइन होता, 'लाज वाटली पाहिजे!' तू तर पार्किंगवाल्यांना लेटर लिहितेस त्याच्यात पण तेच लिहितेस."

"मग बोलली का नाहीस?"

"ताईंना विचारलं मी. त्यांनी नाव नाही सांगितला. बोलल्या, जिने केलं ती स्वतः येईल, थांब थोडं." तिने पेला भरून माझ्या हातात दिला. "मी खूप रागावली होते. अजून थोडी आहे."

त्या बाईने माझ्यावरही विश्वास टाकला होता, आणि मला न सांगता. याचाही हेवा वाटावा, अशी मी आहे.

सुलभाताई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या गावी बहिणीकडे राहायला गेल्या. कुठल्या, ते राहू दे. त्यांचं नाव सुलभा नाही, आणि ऑफिसखालचं दुकानही मोबाइलचं नाही. मी आता पत्रक छापायला देण्याआधी दार लावून नाकातल्या आवाजात मोठ्याने वाचते. मला तो आवाज त्यांच्यासारखा जमत नाही.

हा लेख मी त्यांना आधी पोस्टाने पाठवला होता. आठ दिवसांनी परत आला. तीन वाक्यांभोवती पेन्सिलीने चौकोन होते आणि तिन्ही समासांत एकच शेरा: 'कळलं हो मला.' मी ती वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. तिन्ही माझी सगळ्यात चांगली होती.

काढली.