वरून दिसणारे पट्टे

कोथरूडच्या आमच्या जुन्या सोसायटीत तळमजल्याच्या फ्लॅटला मागची मोकळी जागा मिळते. माझ्या वाट्याच्या तुकड्यात मी हरळी लावली. कारण विचाराल तर आळस. हरळी एकदा धरली की मारू म्हटलं तरी मरत नाही. लग्न मी केलं नाही, त्याचं कारण विचारणारेही आता उरले नाहीत. नोकरी संपल्यावर दिवसभरात माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, माझ्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या बाई.

बाई म्हणजे शाळेतल्या भूमितीच्या निवृत्त शिक्षिका. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा हिंजवडीला. संध्याकाळी त्या खाली येत, गवताच्या कडेला खुर्ची टाकून बसत आणि माझ्या बागेत काही ना काही खोट काढत. मला ते फार आवडायचं. मग त्या बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि जिना सुटला तो सुटलाच. आमच्याकडे लिफ्ट नाही. वॉकर धरून कशाबशा त्या गॅलरीत यायच्या, आणि हळूहळू तेही कमी होऊ लागलं. त्या आल्या नाहीत की माझ्या तोंडून दिवसभरात दूधवाल्याशी बोललेला एखादा शब्द निघे, तेवढाच. एक दिवस ते गॅलरीचं दार उघडायचंच बंद होईल, या विचाराने मला धडकी भरायची.

एकदा त्या वरून म्हणाल्या, "अहो, तुमची हिरवळ वरून झोपेतून उठलेल्या माणसाच्या डोक्यासारखी दिसते. विंचरा की कधीतरी."

टीव्हीवर क्रिकेटच्या मैदानातले गडद-फिकट पट्टे मी पाहिले होते. चौकशी केली तेव्हा कळलं की तो रंगाचा खेळ नाही. गवत कापायच्या मशीनच्या मागे रोलर असतो, तो पाती झोपवत जातो. आपल्यापासून लांब झुकलेली पाती फिकट दिसतात, आपल्याकडे झुकलेली गडद. आणि हे उंचावरून सगळ्यात छान दिसतं. एवढं कळलं आणि मी रिक्षा करून रविवार पेठ गाठली.

दुकानदाराने दोन मशीनं पुढे ठेवली, दोन्ही हाताने ढकलायची. "हे चाकांचं. हलकं आहे, झटकन वळतं, पण मऊ मातीत चाकोऱ्या पाडतं. हे रोलरचं. कापतं छान, जमीनही दाबून सारखी करतं. पण जड आहे. आणि गवत जरा वाढलं की अडकून बसतं. आठवड्यातून दोनदा तरी फिरवावं लागेल, जमेल का?"

"पट्टे येतील ना?" मी विचारलं.

"पट्टेच पाहिजेत तर सतरंजी घ्या, काका."

मी रोलरचं घेतलं. आठवड्यातून दोनदा फिरवावं लागणं ही त्याच्या मते मशीनची खोड होती. मला ते त्यासाठीच हवं होतं.

पहिल्या सकाळी खडखड ऐकून गॅलरीचं दार उघडलं. खालून मला धड काही कळत नव्हतं, जवळून सगळं गवत गवतासारखंच दिसतं. मी मान वर करून विचारलं, "कसे आलेत पट्टे?" बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सरळ आलेत." आयुष्यभर मुलींच्या वहीतल्या केसभर वाकड्या रेघेवर लाल फुली मारलेली बाई! मी दिवसभर घरात मिरवत होतो, बघायला कुणी नव्हतं तरी.

त्यानंतर दर खेपेला दार उघडू लागलं. गवतही सुधारलं. वारंवार कापल्यामुळे हरळी आडवी पसरून दाट झाली, उंचवटे बसले. मग पावसाळ्यात उत्साहाच्या भरात मी ओल्या मातीवर रोलर फिरवला. अति तिथे माती म्हणतात, इथे मातीचीच फरशी झाली. पाणी मुरेना, गवत पिवळं पडलं. वरून प्रश्न आला, "बदकं कधी आणताय?" लोखंडी सळईने भोकं पाडून मी त्यांत वाळू भरत बसलो, आणि बाई वरून राहिलेल्या जागा दाखवत होत्या. माझ्या आयुष्यातला तो फार सुखाचा आठवडा होता, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

या उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांच्या मुलाने ठरवलं. ट्रॅफिकमुळे त्याला इकडे येणं होईना, म्हणून आईलाच तिकडे न्यायचं. निघायच्या सकाळी मी लवकर उठून गवत कापलं आणि सामानाला हात लावायला वर गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. खोकी उचलता उचलता गॅलरीत गेलो आणि खाली पाहिलं.

पट्टे सगळेच्या सगळे डावीकडे कलले होते, केळीच्या पानावरच्या शिरांसारखे. एक तर मध्येच बारीक होऊन शेजारच्यात शिरला होता.

"बाई, हे वाकडे आहेत."

"पहिल्या दिवसापासून. उजव्या हाताने जास्त रेटता तुम्ही."

"मग सरळ म्हणत होतात ते?"

बाईंनी वॉकर जरा पुढे सरकवला. "वाकडे म्हटलं असतं तर तुम्ही मशीन माळ्यावर टाकलं असतं. मग मी इथे येऊन कुणाशी बोलायचं होतं? कठड्याशी?"

मला वाटत होतं, गरज माझी एकट्याची आहे. तसं सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि म्हणालो, "जिना सांभाळून उतरा."

मुलाने आणि ड्रायव्हरने त्यांना खुर्चीतून खाली नेलं. गाडी फाटकाबाहेर गेली. मी मागे आलो आणि सकाळी कापलेल्याच गवतावर मशीन घातलं. उन्हात एकदा कापलेली हरळी पुन्हा कापली की भाजून निघते, हे मला पक्कं ठाऊक होतं. या वेळी उजव्या हाताचा जोर आवरून दोन्ही हातांनी सारखं रेटलं. पट्टे सरळ आले असावेत. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मशीन वळवलं आणि आणखी एकदा फिरवलं.