विहिणीला घेऊन रेवदंडा-कोर्लई

माझी विहीण तेरेझा पोर्तुगालची. तिची लेक इनेश माझ्या निखिलची बायको. दोघं पुण्यात नोकरी करतात. लग्नाला तेरेझा आली नव्हती. इनेशला सातवा महिना लागला, तेव्हा तेरेझा पहिल्यांदाच नगर जिल्ह्यातल्या आमच्या मिरजगावला आली. दहा दिवस आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो. इनेश रजा घेऊन आमच्याकडेच होती मधे सांगायला, पण लेकीच्या तोंडून सगळंच बोलता येत नाही.

तिला तिच्या देशाच्या लोकांचं आमच्याकडचं जुनं बंदर दाखवावं, असं माझ्या मनात आलं. इनेशला डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलेलं. मग आम्ही दोघी आणि गाडी चालवायला आमचे हे. इनेश हे भाषांतर करून तेरेझाच्या गावच्या मंडळींना वाचायला पाठवणार आहे, म्हणून जरा नीट सांगते.

पहाटे पाचला निघालो. श्रीगोंदा, दौंड, पुणे, मग घाट उतरून पेण, अलिबाग. वाटेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीनं तेरेझाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं दुसरी दशमी मागून घेतली.

चौल-रेवदंडा हे फार जुनं बंदर. आमच्या नगरच्या निजामशाहीचा माल इथून जहाजांवर चढायचा. पुढे पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधला. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, लोक राहतात. थंडीत या, हवा छान असते. घरगुती खोल्या मिळतात, जेवायला ताजी सुरमई. पडक्या चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. तेरेझा त्याच्या भिंतीला हात लावून कितीतरी वेळ उभी राहिली.

"पाव्हनीला घरची याद आली वाटतं," हे हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडून कोर्लईला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे. अंगणात सुकट वाळत घालणारी एक आजी घरातल्या सुनेला काहीतरी ओरडून सांगत होती. तेरेझा जागीच थांबली. तिनं आजीला काही विचारलं. आजीनं उत्तर दिलं आणि दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"ही आमची घरची बोली," आजी मला मराठीत म्हणाली. "पोर्तुगीजांच्या वेळची. हिचं अर्धं कळतंय मला."

तेरेझा आजीचे हात धरून घडाघडा बोलायला लागली. खरं सांगते, मला थोडं वाईटच वाटलं. मला दहा दिवसांत जमलं नाही, ते आजीला दोन मिनिटांत जमलं.

मग आजी माझ्याकडे वळली. "ती विचारते, लग्नाला आली नाही म्हणून तुम्ही अजून रागावलात का?"

"राग नाही. वाईट मात्र वाटलं होतं, असं सांगा."

आजीनं ते तिला सांगितलं आणि तिचं उत्तर मला सांगितलं. "म्हणते, लेक इतकी लांब जाताना तिला बघवलं नसतं."

मी सून आणली तेव्हा कुणाची तरी लेक गेली होती, हे मला त्या अंगणात पहिल्यांदा नीट कळलं.

"तिला सांगा," मी म्हणाले, "आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतं. लेकीला तिकडे जाता येत नाही, तर आईनं इथं राहावं. बाळ होईपर्यंत घर तिचंच."

आजीनं शब्दांनी सांगितलं, उरलेलं हातांनी. तेरेझानं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी रडलो. ह्यांनी तोंड फिरवून समुद्राकडे बघायला घेतलं.

घरी आल्यावर निखिलनं तिचं परतीचं तिकीट पुढे ढकललं. तटबंदी, मनोरा, किनारा, सगळ्याचे फोटो आहेत. आजीचा फोटो काढायचं मात्र राहूनच गेलं. आम्हा दोघींची भाषा अजूनही हसण्यापलीकडे फारशी गेलेली नाही. पण नात झाली, तेव्हा तिला पहिली अंघोळ घालायला आम्ही दोघी होतो. मी पाय पसरून तिला पायांवर घेतलं, आणि पाणी तेरेझानं घातलं.