नावाशिवाय कॉल लागत नाही

परवा फोनवर तू सांगितलंस की कॉलेजने तुला कुठल्याशा कंपनीच्या मदत-केंद्रात उमेदवारीला पाठवलं आहे. दिवसभर अनोळखी माणसांचं ऐकून घ्यायचं आणि ठरवून दिलेल्या वाक्यांपलीकडे बोलायचं नाही. तू रडलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. तुझा भाऊ मागून म्हणत होता, "आजीला यातलं काय कळणार?" म्हणून दोघांसाठी क्रमाने लिहिते.

माझी इंटरची परीक्षा झाली होती. सुट्टीत प्राचार्यांनी आम्हां दोन मुलींना, इंग्रजी बोलता येतं म्हणून, नंदुरबारच्या टेलिफोन ऑफिसात शिकाऊ म्हणून लावून दिलं. माझं पुढचं शिक्षण त्यावर अवलंबून होतं. घरात आत्याचा शब्द चाले आणि तिच्या मते मुलीला इंटर म्हणजे फार झालं. वडिलांनी मधला मार्ग काढला. सुपरवायझरने शेवटी 'लायक' असं लिहून दिलं, तर ज्युनिअर बी.ए.; नाही तर तुळशीचं लग्न झालं की माझं.

सुपरवायझर कोकणातले, वयस्क, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातले. त्यांचे नियम थोडे, पण पक्के. ग्राहकाशी गप्पा नाहीत. घरची बोली ऑफिसात नाही. आणि ट्रंक कॉलला, म्हणजे परगावच्या फोनला, ज्याला बोलवायचं त्याचं नाव ग्राहकाच्याच तोंडून ऐकायचं, मोठ्याने परत म्हणून दाखवायचं. आपण सुचवायचं नाही. पूर्वी कुणी तरी अंदाजाने नाव लिहिलं होतं आणि एका घरच्या मृत्यूची बातमी भलत्याच माणसाने ऐकली होती.

बोर्डवर बसणं मला जमलं. कानाला हेडफोन, समोर नंबरांची भोकं, हातात दोऱ्या; माणूस दिसत नाही, नुसता आवाज. कॉल नोंदवायची खिडकी मात्र अवघड. तिथे माणूस समोर उभा राहून ओरडतो. माझ्याबरोबरची मुलगी एका गिऱ्हाइकाच्या बोलण्याने इतकी दुखावली की दुसऱ्या दिवशी आलीच नाही. ही बातमी आत्याला माझ्या आधी कळली होती.

उमेदवारी संपत आली तेव्हा एका दुपारी दोन बायका खिडकीशी आल्या. सासू आणि सून, ब्राह्मणपुरी गावाकडच्या. घरधनी गावातल्या दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी मुलाला बोलावून घ्या म्हणून सांगितलं होतं. मुलगा मुंबईला मोठ्या कचेरीत. सुनेने पदराच्या गाठीतून कागद काढला. त्यावर कचेरीचा नंबर होता, बाकी काही नव्हतं.

"कोणाला बोलवायचं?" मी विचारलं.

"पाटीलसले," सासू म्हणाली.

"तिथे पाटील बरेच असतील. पूर्ण नाव सांगा."

सून खाली बघू लागली. "मी कसं सांगू, बाई? त्या मन्ही पोरगीना बाप शेतस."

नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, हे मला ठाऊक होतं. मी सासूकडे वळले. आई तर मुलाचं नाव घेऊ शकते. पण तिने कानांवरून पदर घट्ट ओढला. मुलाला त्याच्या आजोबांचं नाव ठेवलं होतं, म्हणजे तिच्या सासऱ्याचं. ते ती जन्मात उच्चारणार नव्हती. "घरमा भाऊच म्हंतस त्याले," ती म्हणाली. "तू भाऊ म्हनीसन सांग ना तठे."

लिहिता दोघींनाही येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांतला एक मुंबईला आणि एक दवाखान्याच्या खाटेवर.

मागे एक कापसाचे गुजराती दलाल उभे होते. "बेन, माझा अर्जंट आहे," ते म्हणाले. मग सासूला, "मावशी, देवाचं नाव आहे का? कृष्णाचं?"

सासूने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, कळेना. दलालांनी कृष्णाची नावं सुरू केली.

"नावं सुचवायची नाहीत," मागून आवाज आला. सुपरवायझर माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते सुनेला म्हणाले, "नावाशिवाय कॉल लागत नाही, बाई."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या वेळी आत्या दिसत होती, खोटं कशाला सांगू. खिडकी बंद करून 'नियमात बसत नाही' म्हटलं असतं, तर माझ्या नावाला काही लागलं नसतं. पण एक विचार मनातून जाईना. तिला नाव येत नव्हतं असं नव्हे. ते रोज तिच्या मनात असणार. फक्त ते बाहेर यायला तिच्या घरच्या रीतीने एकच दार ठेवलेलं होतं, आणि ते दार मलाही माहीत होतं.

मी घरच्या बोलीत म्हणाले, "वहिनी, लगीनमा नाव लिधं व्हतं ना? तसंच ले."

"आठे?" ती म्हणाली. "इतला मानसंमा?"

"लगीनमा काय कमी व्हतात?"

सासूने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून दोन्ही कानांत बोटं घातली आणि म्हणाली, "ले. मी नई आयकत."

सुनेने डोक्यावरचा पदर नीट केला. लग्नातला उखाणा तिने घेतला नाही, नवाच केला.

"सासरा पडनात खाटवर, —रावसना पाय लागोत घरनी वाटवर."

त्या जागी तिने नाव घेतलं. मी ते इथे लिहीत नाही; तिने ते एकदाच घेतलं, तेवढं पुरे. नियमाप्रमाणे मी नाव मोठ्याने परत म्हटलं, तशी बोटं कानांत असूनही सासू हळू म्हण म्हणून कळवळली, "हयू वं माय, हयू."

कॉल लागला. पाटील सापडले. सासूने रिसीव्हर सुनेच्या हातातून घेतला आणि सगळं ऑफिस ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, ये रे." तो सुरतेकडच्या गाडीने आला, त्याचे वडील तेव्हा शुद्धीवर होते, हे पुढे दलालांनीच येऊन सांगितलं.

दोघी गेल्यावर सुपरवायझरांनी मला उभं केलं.

"नाव तुम्ही सुचवलंत?"

"नाही, सर."

"घरची बोली बोललात."

"हो, सर."

"पुढचं गिऱ्हाईक बघा," ते म्हणाले. शेवटचे दिवस त्यांनी मला खिडकीवरच बसवलं. ती शिक्षा आहे की काय, हे मला ठरवता येईना आणि विचारायची सोय नव्हती.

त्यांनी दिलेला लिफाफा मी न उघडता वडिलांच्या हातात ठेवला. वडिलांनी चष्मा लावून इंग्रजीतला तो एक शब्द वाचला, आणि आत्याला म्हणाले, "पोर कॉलेजमा जाई ऱ्हायनी."

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "जाऊ दे. पन लगीनमा नाव लेवाले शिकाड तिले. फोनवर काय दुसरासलेच नाव घेवाडी ऱ्हायनी ती."