जवसाच्या तेलाच्या चिंध्या

काल रहाटणीच्या घरी सुरीच्या लाकडी मुठीला जवसाचं तेल चोळलं आणि त्या वासासरशी संत तुकाराम नगरमधली लहानपणीची दुपार आठवली. सकाळीच बाबांनी सुऱ्यांच्या मुठी तेल लावून चमकवल्या होत्या आणि तेलकट चिंध्यांचा बोळा आतल्या खोलीत तान्ह्या भावाच्या पाळण्याखाली राहिला होता. आम्ही बाहेरच्या खोलीत जेवत असताना आतून धूर आला आणि आम्ही आत धावलो.

"काडी कुणी ओढली?" आईनं विचारलं.

"कुणीच नाही. हे तेल सुकताना तापतं, चिंध्या आपोआप पेटल्यात," म्हणत बाबांनी भावाला उचलून तिच्याकडे दिलं आणि जळता बोळा हातानंच अंगणात फेकला.

भाऊ रडेना. अखेर तो खोकला आणि रडू लागला, तरी बाबा भिंतीला टेकून थरथरतच होते. मला वाटलं, हात भाजलाय म्हणून. आता माझी लेक आत झोपलेली असते, तेव्हा ते थरथरणं कळतं.