पाणबुडीला ऊन दाखवलं

कुरखेड्याच्या पुढच्या एका गावात मी शाळेत विज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी मला पाणबुडी बांधायची खुमखुमी आली. एकट्याने आत बसायचं, झाकण लावायचं, तलावाच्या तळाशी जायचं आणि पाच मिनिटांनी वर यायचं. मोबाईलवर परदेशातल्या कुणाची लाकडी पाणबुडी पाहिली आणि वाटलं, हा करू शकतो तर मी का नाही. आमच्या तलावात मधोमध दीड पुरुष पाणी. त्यात बुडायला पाणबुडी लागत नाही, पण हे मला कोण सांगणार? गावात सगळ्यात शहाणा मीच, अशी माझी समजूत होती.

लाकूडकामासाठी मी तलावापलीकडच्या ढिवर मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्यांकडे गेलो. आसपासच्या गावांतले मासे धरायचे बहुतेक डोंगे, म्हणजे लहान लाकडी होड्या, त्यांच्या हातचे. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला गुर्जी. मी कागदावर काढलेलं चित्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, एका डोंग्यावर दुसरा पालथा घालायचा, असंच ना? असंच होतं. दोन महिने त्यांनी सागाच्या फळ्या तासल्या, सांध्यांत कापूस आणि डांबर ठासलं. मी बॅटरी, पंखा, श्वासासाठी वर निघणारी नळी आणि झाकणाला मोटारसायकलच्या ट्यूबचं रबर, एवढं केलं. मग मी पाणबुडी बांधतोय असं सगळ्यांना सांगत सुटलो.

काम झाल्यावर भाऊंनी ती दगड भरून काठाशी बुडवून ठेवली. उन्हाळ्यात डोंगेही ते असेच ठेवत. लाकूड ओलं राहिलं की फुगतं आणि सांधे घट्ट राहतात. मग ते तेंदूपत्ता तोडायला जंगलात निघाले. जाण्याआधी मुद्दाम माझ्या घरी आले.

"गुर्जी, पाण्याची वस्तू हाये. हिले ऊन दाखवू नोका."

मी दाखवलं. ओल्या लाकडावर रंग धरेना आणि मला ती पिवळीधमक हवी होती, कारण फोटो काढायला वार्ताहर येणार होता. घरामागच्या आवारात आठ दिवस ती वैशाखाच्या उन्हात तापली. नवव्या दिवशी पाहिलं तर फळ्यांमध्ये नख जाईल एवढ्या फटी. बायको म्हणाली, भाऊंना येऊ द्या. तुला यातलं काय कळतं, असं म्हणून मी तिला गप्प केलं. रंगाऱ्यांची लांबी आणली, ती भरून फटी बुजवल्या आणि वर रंगाचे दोन हात मारले. फटी दिसेनाशा झाल्या, तेव्हा मला बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

ठरल्या दिवशी सगळं गाव तलावावर जमलं. भाऊ त्याच सकाळी जंगलातून परतले होते. पाणबुडीवरून हात फिरवत त्यांनी मला विचारलं, वाळवली का? एकच दिवस, मी म्हणालो. रंगाखालचं काही दिसत नाही, असं ते पुटपुटले आणि त्यांनी हट्टाने तिला एक जाड दोर बांधला.

वजनाला दगड घेऊन आत बसलो आणि झाकण लावलं. पाणबुडी खाली जायला लागली आणि मिनिटभरात लांबी सुटून पाणी आत आलं. आधी पायाशी, मग कमरेशी, मग छातीशी. मी आतून लाकडावर मुठी आपटल्या. भाऊंनी आणि आणखी दोघा-तिघांनी दोर ओढून मला काठावर आणलं.

मी निथळत उभा होतो. वार्ताहराने विचारलं, काय झालं? सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "सांधे ढिले राहिले. भाऊंचं वय झालं आता, काम पहिल्यासारखं राहिलं नाही."

भाऊ दोर गुंडाळत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दोर गुंडाळायला लागले.

त्याच महिन्यात गावची मच्छीमार संस्था त्यांच्याकडून तीन डोंगे करून घेणार होती. तिने बाहेरून फायबरच्या होड्या आणल्या. पुढे डोंग्यासाठी भाऊंच्या दारात कोणी गेलं नाही. होड्या आज ना उद्या आल्याच असत्या, अशी मी मनाची समजूत घालत राहिलो. पण मी त्यांची होडी नाही, त्यांचं नाव बुडवलं होतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हिय्या करून त्यांच्या घरी गेलो. ते जाळं विणत होते. आठ दिवसांचं ऊन, फटी, लांबी, खोटं, सगळं सांगितलं. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"हे मले काऊन सांगता गुर्जी? म्या काय बनवलं ते मले मालूम हाये," ते म्हणाले. "जिथी बोलले तिथी सांगा."

उन्हाळ्यात तलावातले मासे काढायच्या दिवशी मी तिथे गेलो. पुन्हा सगळं गाव होतं. भाऊ काठावर बसून मासे निवडत होते. मी घसा खाकरला आणि म्हणालो, मला पाणबुडीबद्दल थोडं बोलायचं आहे.

"दुसरी बनवून राह्यले का गुर्जी?" कोणीतरी म्हणालं. "या वक्ती मिस्त्री चांगला पाहा."

सगळे हसले. भाऊंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते वाट पाहत होते. मीही सगळ्यांबरोबर हसलो आणि किलोभर मासे घेऊन घरी आलो.