बाबांच्या बेडकाचा खरा वेग

माझ्या दिराला वारसा वाचवायचं वेड आहे. लेणी, किल्ले असलं काही नाही हो, ब्राउझरमधले फुकट गेम! ब्राउझरने ते चालवणं बंद केलं तेव्हा हा कांदिवलीत सुतक आल्यासारखा बसला होता. मग जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणारं एम्युलेटर नावाचं सॉफ्टवेअर मिळवलं आणि डिस्कवर हजारो गेम भरले. स्वतः एकही खेळत नाही. चालू करायचा, मान डोलवायची, बंद करायचा. वर आम्हाला लेक्चर, "वहिनी, मूळ जसं होतं तसंच राहिलं पाहिजे."

राहू दे की. माझं काय जातंय?

पण त्यातला एक गेम घाटकोपरला माझ्या बाबांना हवा होता. बेडकाने माश्या पकडायच्या, एवढाच. गिरणी बंद पडून बाबा घरी बसले, तेव्हा भावाने कुठूनसा आणलेल्या डबड्या कॉम्प्युटरवर ते हा बेडूक खेळायचे. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा दम होता. सायबर कॅफेत चाळीतली पोरं जिथे मरायची, तिथून बाबा चहा पीत आरामात पुढे जायचे. नोकरी गेलेल्या माणसाला पोरं 'चॅम्पियन' म्हणायची, आणि बाबा लुंगी सावरत काय रुबाबात चालायचे! परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नीट दिसायला लागलं, तर पहिली मागणी, "माझो बेडूक आण गो."

दीर लॅपटॉप घेऊन आला. बेडूक दिसताच बाबा हसले. मग माश्या सुटल्या त्या अशा, की बाबांचा हात हलेपर्यंत खेळ खलास. पुन्हा खेळले, पुन्हा तेच.

"ह्यो माझो बेडूक न्हय," बाबा म्हणाले.

"तोच आहे, काका! तुमचा कॉम्प्युटर खटारा होता, म्हणून गेम रखडत चालायचा. हा खरा वेग." आणि काय तो आनंद चेहऱ्यावर! जशी काही लॉटरीच लागली.

मी डोळे वटारले. ढिम्म. शेवटी सरळच म्हटलं, "हळू कर तो, नाहीतर लॅपटॉप खिडकीतून टाकीन."

"पण वहिनी, मग ते मूळ राहत नाही ना," असं कुरकुरत त्याने वेग कमी केला. बाबा जिंकले. जिंकतच सुटले. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही, ते दिराकडे वळले.

"म्हणजे तेवा मी खरा जिंकूकच नाय?"

'छे हो काका, काहीतरीच काय' एवढं म्हणायला काय जात होतं मेल्याचं? पण नाही. साहेबांनी नीट विचार केला आणि म्हणाले, "टेक्निकली, नाही."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. "बंद कर ता," म्हणाले, आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आणि हा दीडशहाणा माझ्या कानाशी येऊन कुजबुजतो, "वहिनी, वेग परत मूळ होता तसा करून ठेवतो हं."